आई दिवसभर मेसेजिंग ॲपवर नेमकं काय करते? मनापासून समजून घ्यायचंय

तिन्हीसांज
नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारतेच. माझी आई ७२ वर्षांची आहे, एकटी राहते, तब्येत तशी ठणठणीत. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत तिला स्मार्टफोन नकोच होता, "मला काय करायचाय तो, आलेला फोन उचलता आला म्हणजे झालं" म्हणायची, आणि आता पहाटे साडेपाचला तिचं व्हॉट्सॲप सुरू होतं ते पार रात्रीपर्यंत. सकाळी तीस-चाळीस जणांना सुप्रभात पाठवते, आणि तेही ग्रुपवर टाकून मोकळी होत नाही, प्रत्येकाला वेगळा मेसेज, नाव शोधायचं, चित्र निवडायचं, मग पाठवायचं. पाऊण तास सहज जातो त्यात. मला बघवेना म्हणून एकदा तिच्या हातातून फोन घेतला आणि दोन मिनिटांत ब्रॉडकास्ट लिस्ट करून दिली, म्हटलं आता एकदाच पाठव, सगळ्यांना जाईल. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून परत एकेकाला.

दुसरं म्हणजे ती मला फोन करतच नाही. व्हॉइस मेसेज पाठवते, कधी चार सेकंदांचा, कधी चार मिनिटांचा. मी फोन केला तर दोन वाक्यांत आवरतं घेते.

गेल्या रविवारी तिच्याकडे गेले होते तेव्हा बोलता बोलता म्हणून गेले की आई, परवा रात्री दीड वाजता तू ऑनलाइन होतीस, मी पाहिलं, काय चाललंय हे, डोळ्यांची वाट लागेल. ती काही बोलली नाही. फोन पालथा घातला, कपाटावर ठेवला आणि मी निघेपर्यंत त्याला हात लावला नाही. तो पालथा घातलेला फोन काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये.

मला तिची सवय मोडायची नाहीये हो, मला फक्त कळत नाहीये की यातून तिला काय मिळतं. इथे कुणी साठी-सत्तरीचे असतील तर स्वतःबद्दल लिहा प्लीज, आणि ज्यांच्या घरी असंच आहे त्यांनीही.

निवृत्त_बाई
मी ७४ची, शाळेत ३१ वर्षं शिकवलं. तुझ्या आईचं मला कळतं, ते सांगायचा प्रयत्न करते.

वर्गात आम्ही हजेरी घ्यायचो ना, तेव्हा सगळी मुलं समोर बसलेली दिसायची, नुसती मोजली असती तरी चाललं असतं, पण आम्ही एकेकाचं नाव घ्यायचो आणि ते मूल "हजर" म्हणायचं. नाव घेतलं की त्या पोराकडे एक क्षण तरी बघणं व्हायचं, कोण आज गप्प आहे, कोणाचा आवाज बसलाय, सगळं कळायचं. माझं सकाळचं सुप्रभात म्हणजे ती हजेरी आहे. चित्रातल्या फुलाकडे मी पण बघत नाही आणि समोरचा पण बघत नाही. मी बघते टिक. एक टिक आली, दोन झाल्या, निळ्या झाल्या, म्हणजे उठली, चष्मा सापडला, आजचा दिवस सुरू झाला. तिने उलट नुसता हात जोडलेला पाठवला तरी माझं काम झालं. आणि दहा वाजले तरी एकच टिक दिसत असेल तर मी फोन करते. बहुतेक वेळा चार्जिंग संपलेलं असतं नाहीतर वायफाय बंद असतं. दोनदा तसं नव्हतं.

ब्रॉडकास्टने हे होत नाही असं नाही, पण त्यात मी एकेकीचं नाव उघडत नाही, आणि नाव उघडलं की कालचं बोलणं वर दिसतं. अगं काल गुडघ्याचं म्हणत होतीस, आज कसं आहे, असं आपोआप लिहिलं जातं.

रात्री दीडचं सांगते. या वयात झोप सलग लागत नाही, तुकड्या तुकड्याने लागते. मध्ये जाग आली की घर फार शांत असतं. त्या वेळी कोणाला फोन करता येतो का? मेसेज मात्र करता येतो, कोणाची झोपमोड होत नाही, आणि माझ्यासारखीच कोणीतरी जागी असते. आम्ही तिघी आहोत अशा. पंधरा मिनिटं काहीबाही लिहितो आणि परत पडतो. तुझ्या आईला त्याबद्दल बोललीस याचं मला वाईट वाटलं, पण तू विचारायला आलीस याचं बरंही वाटलं.

कान_देऊन_ऐका
माझं काम श्रवणयंत्रांचं आहे, त्यामुळे फोन टाळण्याबद्दल लिहितो. तुमच्या आईची कानाची तपासणी झालीये का? कारण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मंडळींची सुरुवात अशीच असते, घरचे म्हणतात फोनवर बोलतच नाहीत हल्ली, आणि त्यांना स्वतःला ऐकू कमी येतंय हे लक्षातच आलेलं नसतं.

वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा बराचसा भाग तिथेच असतो. स्वर खालच्या पट्टीत, ते नीट ऐकू येतात, त्यामुळे माणसाला बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत. "आवाज येतोय पण कळत नाहीये" हे वाक्य मी रोज ऐकतो. त्यात साध्या फोन कॉलमध्ये पूर्वापार ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. आता बऱ्याच नेटवर्कवर त्याहून चांगला जातो, पण सगळीकडे नाही. म्हणजे कान जिथे अधू झालाय नेमका तोच भाग फोनही कापून टाकतो. "साठ" आणि "आठ" फोनवर वेगळे सांगून दाखवा त्यांना. समोर बसल्यावर ओठ दिसतात म्हणून निभावतं, फोनवर तेही नाही.

मग माणूस काय करतो, एकदा "काय?" विचारतो, दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते आणि "बरं बरं" म्हणून ठेवून देतो. दोन वाक्यांत आवरतं घेणं ते हेच असू शकेल. व्हॉइस मेसेज मात्र चार वेळा ऐकता येतो, कानाला लावून, आवाज वाढवून, आणि कोणाला कळतही नाही की चार वेळा ऐकला. व्हॉट्सॲपमध्ये २०१३ला ही सोय आली आणि २०१६ला व्हिडिओ कॉल आला, माझ्या मते या दोन गोष्टींनी कमी ऐकू येणाऱ्या माणसांचं जेवढं भलं केलं तेवढं दुसऱ्या कशाने केलं नाही. व्हिडिओत ओठ दिसतात. आणि डॉक्टरांची वेळ, तारीख, पत्ता लिहून आला की चुकायचा प्रश्नच नाही. तपासणी मात्र करून घ्या, मेसेज चालतात म्हणून कान राहून जायला नको.

मागच्या_बाकावरून
थोडं वेगळं सांगते. माझे सासरे ८१चे, ते कोणाला काहीच पाठवत नाहीत. आम्हाला वाटायचं त्यांना जमत नसेल. एकदा सहज विचारलं तर म्हणाले, मला बोलायचं नाहीये, मला फक्त कळायला हवं कोणाचं काय चाललंय. रोज सगळ्यांचे स्टेटस बघतात, नातवंडांचे फोटो बघतात, जुन्या ऑफिसच्या ग्रुपवरचं सगळं वाचतात. कोणाच्या मुलीची परीक्षा कधी आहे हे घरात सगळ्यात आधी त्यांना माहीत असतं. तेव्हा सगळेच गप्पांसाठी वापरतात असं नाही.

शिकवणारा_भाचा
मी शनिवार-रविवार वयस्कर लोकांना फोन शिकवतो, सहा वर्षं झाली, बरंच काही पाहिलंय म्हणून जरा लांबड लावतो, सांभाळून घ्या.

आधी ब्रॉडकास्टचं. ताई, ब्रॉडकास्ट मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमच्या आईचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. आता आईच्या वयाच्या मैत्रिणींचे फोन आठवा, मुलाने जुना दिलेला, मध्येच बदललेला, कॉन्टॅक्ट उडालेले, निम्म्या जणी तर नंबर सेव्ह न करताच नुसत्या चॅटवर बोलतात. म्हणजे तुमची लिस्ट अर्ध्या जणींना पोचलीच नसेल, आणि आईला ते टिकवरून कळलं असणार. तिने सांगितलं नाही कारण तुम्ही मदत म्हणून केलं होतं.

लोक माझ्याकडे येतात तेव्हा कोणीही "मला ॲप शिकायचंय" म्हणत नाही. एकच काहीतरी हवं असतं. फ्रेड डेव्हिस नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलं होतं की माणूस नवं तंत्र स्वीकारतो ते दोन गोष्टींवर, हे मला उपयोगी आहे का आणि हे मला सोपं वाटतंय का. माझा अनुभव असा की या वयात पहिली गोष्ट पक्की असली तर दुसरीसाठी माणसं वाटेल तेवढे कष्ट घेतात. एक काका फक्त भावाला व्हॉइस मेसेज पाठवायला शिकायला आले होते, हात थरथरतो त्यामुळे टाइप करता येत नाही, आणि भावाला चाळीशी लागूनही वाचायचा कंटाळा. त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं: हिरवं चिन्ह, भावाचं नाव, खाली माइक दाबून धरणे, बोलणे, बोट सोडणे. "बोट सोडणे" खाली दोन रेघा मारल्या होत्या कारण तिथेच चुकायचं, बोलून झालं तरी बोट उचलायचं राहून जायचं आणि पुढचा सगळा घरातला आवाज भावाला जायचा. पाच आठवडे लागले. आता ते मला पण पाठवतात.

आणि आपल्या भाषेचा मुद्दा कोणी काढत नाही तो मी काढतो. साधा एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा, पण देवनागरीत लिहिला की मर्यादा एकदम ७०वर येते, आणि त्यात काना-मात्रा-हलन्त सगळे सुटे मोजतात, "स्त्री" हा एवढासा शब्द सहा जागा खातो. त्या काळात या पिढीने मराठीत लिहायचा नादच सोडला होता. इंग्रजी लिपीत मराठी लिहायचं त्यांना जमायचं नाही, किंवा आवडायचं नाही. मेसेजिंग ॲपमध्ये ही अडचण नाही, हवं तेवढं लिहा, आणि २०१७ला गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आल्यापासून तर बोललेलं देवनागरीत उमटतं. पहिल्यांदा आपलं वाक्य असं उमटताना बघितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. एक आजी मला म्हणाल्या, अरे याला ळ कळतो! मला वाटतं की लोक फोटो आणि फॉरवर्डबद्दलच बोलत राहतात पण आपल्या भाषेत लांबलचक लिहिता येणं हे फार मोठं कारण आहे.

एक विनंती. त्यांच्या हातातून फोन घेऊन करून देऊ नका. शिकवताना माझा एकच नियम आहे, मी बोट फक्त हवेत दाखवतो, स्क्रीनला लावत नाही. वेळ लागतो. त्यांचं बोट कोरडं असतं, टच लागत नाही, मग ते जोरात आणि जास्त वेळ दाबतात, मग भलताच मेनू उघडतो. त्यावर आपण "असं नाही हो!" केलं की संपलं. अक्षरं मोठी करा, सेटिंगमध्ये चॅट्सच्या आत अक्षरांचा आकार आहे, आणि ते पण त्यांनाच करू द्या.

आडनाव_नको
वरचं सगळं पटलं तरी मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते कारण आमच्या घरात ते घडलंय. वडील ७०चे. त्यांच्या एका मित्राच्या नंबरवरून मेसेज आला की तुमच्याकडे चुकून सहा आकडी कोड आलाय, तेवढा पाठवा. मित्राचाच नंबर, डीपी पण त्याचाच, पाठवला. तो कोड वडिलांच्याच अकाउंटचा होता, मित्राचं अकाउंट आधीच कोणीतरी बळकावलेलं होतं. पुढे वडिलांच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले गेले, दोघांनी दिलेसुद्धा.

पण सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो. वडिलांनी आठ दिवस आम्हाला सांगितलंच नाही. का, तर "तुम्ही फोन काढून घ्याल". आधी आम्ही दर चार दिवसांनी म्हणायचो, किती फोन, काय सारखं फॉरवर्ड करता. त्यामुळे खरी अडचण आली तेव्हा ते आमच्याकडे आलेच नाहीत, आणि पहिल्याच दिवशी बोलले असते तर त्या दोघांचे पैसे वाचले असते. ही चूक आमची होती असं मी आता मानतो.

फॉरवर्डबद्दल, अमेरिकेत २०१६च्या निवडणुकीच्या वेळचा फेसबुकचा एक अभ्यास २०१९ला आला होता, त्यात ६५च्या पुढच्यांनी खोट्या बातम्यांच्या लिंक सगळ्यात तरुण गटाच्या जवळजवळ ७ पट शेअर केल्या होत्या. पण त्याच अभ्यासात हेही होतं की बहुतेक लोकांनी असली एकही लिंक शेअर केलेली नव्हती, हे सांगायला सगळे विसरतात. मी माझ्या वडिलांचं जेवढं पाहिलं त्यावरून सांगतो, ते मजकुरावर विश्वास ठेवत नाहीत, पाठवणाऱ्यावर ठेवतात. "अमक्याने पाठवलंय, तो खोटं कशाला पाठवेल." पूर्वी कोणी घरी येऊन सांगितलं तर हेच योग्य होतं ना, समोरच्याची पत बघून गोष्ट खरी मानायची. इथे पाठवणारा खरा असतो पण गोष्ट त्याची नसते, एवढाच फरक त्यांना समजावून सांगायला मला दोन महिने लागले. आता ते दुहेरी बाण बघतात, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला मेसेज, आणि असा मेसेज २०२०पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे जातो हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, म्हणजे कंपनीला पण शंका आहेच की.

सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, सहा आकडी पिन त्यांनाच ठरवू द्या. ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं ते "माझे कॉन्टॅक्ट" करा. अनोळखी कॉल सायलेंट करायची सोय २०२३ पासून आहे, तीही लावा.

निवृत्त_बाई
आडनाव_नको, तुमचं ते पाठवणाऱ्याची पत बघण्याचं अगदी खरं. मला पण कोणी असं समजावलं नव्हतं. पिन आज लावते.

जुनं_पान
मानसशास्त्र शिकतेय म्हणून दोनच गोष्टी. बाईंनी हजेरी म्हटलं ते फार आवडलं. १९२३ मध्ये मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने अशा बोलण्याला वेगळं नावच दिलं होतं, म्हणजे ज्यात माहिती काहीच नसते, "काय, कसं काय" एवढंच, पण त्याने माणसं बांधलेली राहतात. सुप्रभातला आपण रिकामं समजतो ते त्यात माहिती शोधतो म्हणून.

आणि लॉरा कार्स्टेन्सन या स्टॅनफर्डमधल्या अभ्यासक बाईंचं काम या विषयावर फार मोलाचं आहे. वय वाढलं की माणसाचा गोतावळा लहान होतो, पण तो नुसता गळून पडत नाही, माणूस स्वतः निवडतो. पुढचा काळ मर्यादित आहे असं जाणवलं की नव्या ओळखींपेक्षा मनाला जवळची माणसं धरून ठेवावीशी वाटतात. हे वयामुळेच होतं असंही नाही, गंभीर आजार असलेल्या तरुणांमध्ये पण तसंच दिसलंय. तेव्हा तीस-चाळीस नावं ही काकूंनी आयुष्यभरातून राखलेली नावं असणार. त्यांच्यातल्या किती जणी घराबाहेर पडू शकतात विचारून बघ.

तिन्हीसांज
सगळ्यांचे मनापासून आभार, काल दिवसभर आईकडे होते म्हणून आत्ता लिहितेय.

आधी माफी मागितली. मग म्हटलं मला दाखव ना तू सकाळी कसं करतेस. तिला आधी खरंच वाटेना, मग चष्मा लावून माझ्या शेजारी बसली. ३१ नावं आहेत. आणि त्यांचा एक क्रम आहे! मला वाटायचं वरून खाली जशी दिसतील तशी पाठवते, तसं नाहीये. पहिल्या सात जणी एकट्या राहणाऱ्या. मग ज्यांचं कोणीतरी आजारी आहे त्या, मग बाकीच्या, आणि सगळ्यात शेवटी जोडीने राहणारे, "त्यांना घाई नसते, एकमेकांना आहेत ते". हा क्रम कुठे लिहिलेला नाही, तिच्या डोक्यात आहे. ब्रॉडकास्टचं भाचा म्हणाले तसंच निघालं, अकरा जणींना पोचतच नव्हतं, आणि त्यात त्या सातांपैकी तीन.

कानाची वेळ घेतलीये पुढच्या आठवड्यात. आधी नको म्हणाली, मग मी आठ-साठ करून दाखवलं, तोंडावर हात धरून. पाचातले दोन चुकले. गप्प झाली आणि म्हणाली घे वेळ. पिन तिने स्वतः लावला, मला बघू दिला नाही, बरोबरच आहे.

मग ती दीडची गोष्ट निघाली. म्हणाली तू माझं लास्ट सीन बघतेस हे मला माहितीये, तू बघतेस म्हणून तर मी पहाटे उठल्या उठल्या आधी ते उघडते, कोणाला पाठवायचं नसलं तरी, म्हणजे तुला कळेल मी उठलेय. मला खरंच माहीत नव्हतं हो. मी रोज सकाळी ऑफिसला निघताना बघते आणि बरं वाटून निघते, इतकी वर्षं, आणि ते ती माझ्यासाठी ठेवत होती.

तिला आता लास्ट सीन बाकीच्यांपासून लपवायचंय, रात्री कोण कोण बघतं म्हणून, पण मला दिसलं पाहिजे. सेटिंगमध्ये "यांच्याशिवाय माझे कॉन्टॅक्ट" असं आहे, ते दाखवलं, बोट हवेतच ठेवून. नावं निवडायला लागली तेव्हा मी सांगितलं की ज्यांच्यापासून तू लपवशील त्यांचं तुलाही दिसणार नाही. तशी थांबली. म्हणाली मग त्या सात जणींचं मला कसं कळणार. परत वर गेली आणि त्या सातांच्या खुणा एकेक करून काढल्या.

आता ती मला आणि त्या सातांना दिसते.